त्याला पॅसेंजर म्हणू नका!

मंडळी, या वीकेंडला भांडायचं ठरवलंय. भांडण एका शब्दाशी आहे आणि तो शब्द आहे 'पॅसेंजर'.

पॅसेंजर म्हणजे कोण? शिवनेरीत बसला की वाकडलाच घोरायला लागणारा आणि फूड मॉलला वड्यासाठी बरोब्बर जागा होणारा. तिकिटाचे पैसे देतो, बसतो, पोचतो. गाडी वेळेवर नाही पोचली तर ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडतो. थोडक्यात काय, गाडी चालण्यात ज्याचा काडीचा वाटा नाही तो पॅसेंजर. आपल्या डोक्यात या शब्दाचा अर्थ हाच आहे, आणि त्यात काही चूक नाही.

आता दुसरा एक पॅसेंजर बघा. हजार सीसीचं इंजिन असलेली मोटरसायकल, तिच्या बाजूला एक चाक आणि एक सपाट फळी. फळीवर सीट नाही, बेल्ट नाही, दार नाही. धरायला दोन-चार लोखंडी कड्या. मातीचा लंबगोल ट्रॅक. गाडी वळणावर मागचं चाक घसरवत आडवी होते आणि त्या फळीवरचा माणूस एका हाताने कडी धरून अख्खं अंग गाडीच्या बाहेर फेकतो. पाठ जमिनीपासून वीतभर. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेली माती थेट हेल्मेटवर. वळण संपलं की तोच माणूस क्षणात आत येऊन मागच्या चाकावर भार टाकतो, कारण सरळ रस्त्यावर तिथे पकड हवी. मग लगेच पुढचं वळण, परत बाहेर. तीन-चार गाड्या, मोजून काही फेऱ्या, मिनिट-सव्वा मिनिटात खेळ खलास.

या खेळाला साइडकार स्पीडवे म्हणतात. आणि त्या लटकणाऱ्या माणसाला खेळाच्या अधिकृत भाषेत म्हणतात... पॅसेंजर.

च्यायला, हा पॅसेंजर?

आपल्याकडे साइडकार म्हटलं की 'शोले'तले जय-वीरू आठवतात, आणि त्यातही साइडकारमधला गडी मजेत बसलेला असतो. फार तर मागच्या पिढीला बजाजच्या स्कूटरला जोडलेली डबी आठवेल, ज्यात आजी, दोन पोरं आणि भाजीची पिशवी मावायची. त्यामुळे आपला गैरसमज होणं साहजिक आहे. पण ज्या ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आलाय तिथे तो व्हायला नको होता. स्पीडवेचा जन्म कुठे झाला यावर वाद आहेत, पण १९२३ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडच्या शर्यतीचं नाव त्यात हटकून येतं. म्हणजे मातीवर गाड्या घसरवायला शंभर वर्षं होऊन गेली. एका शब्दावर विचार करायला शंभर वर्षं पुरेशी आहेत, नाही का?

तर माझं म्हणणं सरळ आहे. साइडकार शर्यतीतली कारकीर्द ही एका माणसाची नसतेच. ती जोडीची असते. तरीही ती एकाच्या नावावर मोजली जाते, आणि ही मोजणी चुकीची आहे. नुसती अन्यायकारक नव्हे, चुकीची. दोन आणि दोन पाच म्हणण्याइतकी.

आधी थोडं गणित

इंजिनिअर माणूस आहे, गणिताशिवाय चैन पडत नाही :)

साइडकार हे वाहन मुळातच तिरपागडं आहे. दुचाकी वळताना आत कलते, चारचाकी दोन्हीकडून सारखी असते. ही तीनचाकी एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकी, आणि कलत तर नाहीच. साइडकारच्या दिशेने वळलं की साइडकारचं चाक हवेत उचललं जायला बघतं. ते खाली दाबून ठेवायला तिथे वजन हवं, शक्य तितकं बाहेर आणि शक्य तितकं खाली. रोड रेसिंगमध्ये वळणं दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे विरुद्ध वळणावर हाच माणूस ड्रायव्हरच्या मागून पलीकडे झेपावतो. स्पीडवेत वळण एकाच बाजूला, पण ते पुन्हा पुन्हा, आणि खाली डांबराऐवजी माती.

आता समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर. (आकडे उदाहरणासाठी, कुठल्या विशिष्ट ट्रॅकचे नाहीत.) वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, अकरावीचं फिजिक्स. उत्तर येतं सेकंद-वर्गाला साधारण ९.३ मीटर. गुरुत्वाकर्षण ९.८. म्हणजे ६० किलोच्या माणसाला कुणीतरी जवळजवळ त्याच्याच वजनाने बाहेरच्या बाजूला खेचतंय, आणि तो त्याच्या विरुद्ध, आतल्या बाजूला, एका हातावर लटकलाय. शिवाय गाडी थरथरतेय, ट्रॅकला खड्डे आहेत, आणि पुढच्या दोन सेकंदांत परत जागा बदलायची आहे.

या माणसाला स्टिअरिंग नाही, थ्रॉटल नाही हे खरं. पण गाडी किती वेगाने वळू शकेल याची मर्यादा तो ठरवतो. ड्रायव्हरने थ्रॉटल कितीही पिळला तरी चाक जमिनीवर नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर वरचा कोड कितीही झकास असो, खालचा सर्व्हर झोपला तर वेबसाइट बंदच.

दहा वेळचा विश्वविजेता... कोणाबरोबर?

स्पीडवेचा थोरला भाऊ म्हणजे डांबरी रस्त्यावरची साइडकार शर्यत. तिचं जागतिक विजेतेपद १९४९ पासून आहे आणि नोंदी चांगल्या ठेवलेल्या आहेत, म्हणून उदाहरणं तिथली घेतो.

स्टीव्ह वेबस्टर हे ब्रिटिश नाव. दहा वेळा विश्वविजेता. १९८७ ते १९८९ सलग तीन, १९९१, मग १९९७ ते २००० सलग चार, मग २००३ आणि २००४. भन्नाट कारकीर्द, वादच नाही. त्याच्याबद्दल काहीही वाचा, पहिल्या ओळीत 'दहा वेळचा विश्वविजेता' असतंच.

आता प्रश्न : त्या दहा वेळा त्याच्या शेजारी कोण होतं?

उत्तर : टोनी ह्युइट तीनदा, गॅव्हिन सिमन्स एकदा, डेव्हिड जेम्स तीनदा आणि पॉल वुडहेड तीनदा. तीन अधिक एक अधिक तीन अधिक तीन, बरोब्बर दहा. ही चारही माणसं पूर्ण अर्थाने विश्वविजेती आहेत. विजेतेपद जोडीला मिळतं, अर्ध्या माणसाला नाही. अधिकृत यादीत दोन्ही नावं असतात, हेही मान्य. गोची पुढे होते. यादीतून नाव बातमीत येतं तेव्हा एक नाव गळतं. बातमीतून पुस्तकात, पुस्तकातून गप्पांत. शेवटी ड्रायव्हरच्या नावाने अख्खं पान उरतं आणि पॅसेंजर त्या पानावरच्या तक्त्यातला एक रकाना होतो.

स्वित्झर्लंडचा रोल्फ बिलांड सात वेळा विश्वविजेता. त्यातल्या सहा विजेतेपदांत शेजारी एकच माणूस : कुर्ट वाल्टिस्पेर्ग. पहिलं १९७९ चं, शेवटचं १९९४ चं. पंधरा वर्षं! इतकी वर्षं एकाच कंपनीत टिकणारा माणूस तरी आपल्या ओळखीत आहे का? आणि तरी साइडकारच्या दिग्गजांची यादी करायला बसलं की बिलांडचं नाव येतं, वाल्टिस्पेर्गचं आलंच तर कंसात.

तुलनेसाठी बॅडमिंटन घ्या. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी. २०२३ च्या एशियन गेम्सचं सुवर्ण कोणी जिंकलं असं विचारलं तर 'सात्विकने, पॅसेंजर चिराग' असं कुणी म्हणेल का? १९९९ चं विम्बल्डन 'पेसने जिंकलं' असं म्हणून बघा, भूपतीचे चाहते वीट घेऊन येतील. दुहेरीत दोन नावं एका दमात घ्यायची सवय आपल्याला आहे. मग गाडीवर चढल्यावर ती कुठे जाते?

गंमत म्हणजे साइडकारमध्येही एक जोडी या अन्यायातून सुटली आहे. बेन आणि टॉम बर्चल. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत २०२३ साली ताशी १२० मैलांच्या वर सरासरी काढणारी पहिली साइडकार यांची. दोघांचंही नाव सगळीकडे येतं. का? कारण ते सख्खे भाऊ आहेत, आणि 'बर्चल बंधू' लिहिलं की काम भागतं. म्हणजे पॅसेंजरला श्रेय हवं असेल तर त्याने ड्रायव्हरच्या घरात जन्म घ्यावा. सोपं आहे!

'पण गाडी तर ड्रायव्हरच चालवतो ना?'

हा पहिला आक्षेप येणार हे ठाऊक आहे. याचं उत्तर मी देण्यापेक्षा इतिहासच देतो. मला या सगळ्यात सर्वात आवडलेला किस्सा आहे तो.

१९७८ साली वर उल्लेख केलेल्या बिलांडनेच एक वेगळी गाडी आणली. नावाला साइडकार, पण खरं तर ती तीन चाकांची रेसिंग कारच होती. बुटकी, रुंद, स्थिर. इतकी स्थिर की शेजारच्या माणसाला काही करायचंच नव्हतं. तो नुसता बसून राहिला तरी गाडी वळायची. त्या मोसमाचं विजेतेपद बिलांडने जिंकलं. म्हणजे खराखुरा 'पॅसेंजर' असलेली साइडकार अखेर बनली!

मग काय झालं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या का? नाही. बोंबाबोंब झाली. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने, म्हणजे एफआयएमने, १९७९ साली चक्क दोन वेगळ्या स्पर्धा घेतल्या. एक पारंपरिक गाड्यांसाठी, बी-टू-ए, आणि एक या नव्या गाड्यांसाठी, बी-टू-बी. (आपल्या सेल्सवाल्यांच्या बी-टू-बीशी काही संबंध नाही.) आणि त्यानंतर नवा प्रकार बंदच करून टाकला. मोटरसायकलसारखं हँडल हवं, एका मागच्या चाकाने ओढ हवी, आणि फळीवरच्या माणसाला खरंखुरं काम हवं, अशी रेघ आखली गेली.

नीट लक्षात घ्या काय झालं ते. ज्या दिवशी पॅसेंजर निरुपयोगी ठरला त्या दिवशी खेळाने स्वतःच ओरडून सांगितलं की हा आमचा खेळ नव्हे. दुसऱ्या माणसाचं काम हाच खेळाचा प्राण आहे, हे नियम करणाऱ्यांनी मान्य केलं. आणि १९७९ ची पारंपरिक स्पर्धा कोणी जिंकली? त्याच बिलांडने, वाल्टिस्पेर्गला शेजारी घेऊन!

म्हणजे नियमात तो अत्यावश्यक, आणि नावात प्रवासी. हा दुटप्पीपणा नाही तर काय?

'पण ड्रायव्हर तोच राहतो, पॅसेंजर बदलतात!'

हा दुसरा आक्षेप, आणि प्रामाणिकपणे सांगतो, हा जास्त वजनदार आहे. वेबस्टर चार वेगवेगळ्या साथीदारांबरोबर जिंकला. चारही वेळा समान घटक कोण? वेबस्टर. मग श्रेय त्याचंच, नाही का?

नाही. कारण हेच तर्कट उलटंही चालतं. जर्मनीचा वोल्फगांग कालाउख घ्या. १९६८ साली हेल्मुट फाथच्या शेजारी तो विश्वविजेता. १९७० साली क्लाउस एंडर्सच्या विजेत्या मोसमातही हे नाव आहे. दोन ड्रायव्हर, समान घटक कालाउख. किंवा टीटीमधला डॅन सेल. डेव्ह मॉलिन्यूबरोबर जिंकला आणि क्लाउस क्लाफनबॉकबरोबरही जिंकला. क्लाफनबॉकने २०१० साली टीटी जिंकली ती सेलला फळीवर घेऊन. पण 'सेलने दोन-दोन ड्रायव्हरना जिंकवलं' असं वाक्य कधी वाचलंय? आकडे तेच, फक्त मोजणारा कुठे उभा आहे त्यावर उत्तर बदलतं.

आणि मुळात बदलता येतो म्हणून कमी महत्त्वाचा, हे कुठलं लॉजिक? विकेटकीपर बदलतो, तबलजी बदलतो, ऑपरेशन करणारा सर्जनही बदलतो. बदलता येणं आणि बिनकामाचं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडीचं टायर दर शर्यतीला बदलतात. काढून पळवून बघा!

नावात काय आहे? बरंच काही

जगभर या माणसाला काय काय म्हणतात ते बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात 'स्विंगर', म्हणजे झोके घेणारा. अमेरिकेत 'मंकी'. डच लोक 'बाक्केनिस्ट' म्हणतात, खोक्यातला गडी. जर्मन बोलीत 'श्मीअरमाक्स', म्हणजे तेल-ग्रीस लावणारा माक्स, कारण म्हणे जुन्या काळी धावत्या गाडीच्या इंजिनाला तेल द्यायचं कामही याच्याकडेच असायचं. यातली निम्मी नावं चेष्टेची आहेत, पण एक गोष्ट बघा : प्रत्येक नावात तो काहीतरी करतोय, नाहीतर निदान त्याची जागा तरी आहे. झोके घेतोय, माकडासारखा लटकतोय, तेल देतोय. काहीच न करणारा तो फक्त एकाच नावात आहे, आणि नेमकं तेच अधिकृत.

पहिली साइडकार टीटी १९२३ ची. जिंकली फ्रेडी डिक्सनने, असं सांगतात. त्याच्या गाडीची साइडकार वळणावर कलती करता यायची, आणि ती कलवण्याचा दांडा कोणाच्या हातात होता? वॉल्टर डेनीच्या. जिंकण्याची युक्तीच ज्याच्या हातात होती तो 'प्रवासी'!

दुसरं उदाहरण डेनिस जेनकिन्सन. १९४९ साली, पहिल्यावहिल्या विश्वविजेतेपदाच्या वर्षी, एरिक ऑलिव्हरच्या शेजारी हाच होता. पेशाने मोटर रेसिंगचा पत्रकार. पुढे १९५५ साली इटलीतल्या मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजमध्ये तो बसला, मांडीवर अख्ख्या रस्त्याच्या टिपणांची लांबच लांब कागदी गुंडाळी घेऊन. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. पुढच्या टेकाडापलीकडे रस्ता दिसत नसताना मॉस जेनकिन्सनच्या खुणेवर पूर्ण वेगाने गाडी घालत होता. दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत शर्यत जिंकली. जेनकिन्सन लिहिणारा होता म्हणून त्याची गोष्ट उरली. न लिहिणाऱ्या जेनकिन्सनांचं काय?

रॅलीवाल्यांनी यातून बोध घेतला. जागतिक रॅली स्पर्धेत को-ड्रायव्हरचं वेगळं विजेतेपद असतं, त्याचं नाव गाडीच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाशेजारी असतं. आणि तो को-'ड्रायव्हर' आहे, स्टिअरिंगला हात न लावता! शब्द बदलता येतो तो असा.

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असेल तर एक ताजं उदाहरण देतो. २०१६ साली फिनलंडच्या किर्सी काइनुलाइनेनने पेक्का पायवारिन्ताच्या साथीने साइडकारचं जागतिक विजेतेपद जिंकलं. रोड रेसिंगमध्ये एफआयएमचं विश्वविजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. मग २०१८ साली स्पेनच्या आना कारास्कोने सुपरस्पोर्ट ३०० ची जागतिक स्पर्धा जिंकली. जबरदस्तच कामगिरी, एकटीने बाइक चालवून पुरुषांना हरवलं. पण बातम्या काय आल्या? 'मोटरसायकल रेसिंगमधली पहिली महिला विश्वविजेती.' 'सोलो' हा एक शब्द बऱ्याच ठिकाणी गाळला गेला, आणि त्या एका शब्दाबरोबर काइनुलाइनेनचं विश्वविजेतेपद गेलं. दोन वर्षांत! कारास्कोचा यात काही दोष नाही. दोष त्या डोक्यातल्या अर्थाचा, की पॅसेंजर म्हणजे काय, बसली असेल शेजारी.

जोखीम मात्र निम्मी-निम्मी

श्रेयाची वाटणी कशीही होवो, धोक्याची वाटणी एकदम समान असते. किंबहुना पॅसेंजरचा धोका थोडा जास्तच, कारण त्याला गाडी कुठे जाणार हे ठरवता येत नाही आणि धरायला एक कडी सोडली तर काही नाही. १९५४ साली टीटीत उतरणारी पहिली स्त्री इंगे श्टोल ही पॅसेंजरच होती, फ्रान्सच्या जाक द्रियोंच्या गाडीवर. १९५८ साली चेकोस्लोव्हाकियातल्या शर्यतीत दोघंही एकाच अपघातात गेले. मृत्यूने ड्रायव्हर कोण आणि पॅसेंजर कोण हे विचारलं नाही.

२०२२ च्या टीटीत तर सुन्न करणारा प्रकार घडला. एका फ्रेंच जोडीला अपघात झाला. आयोजकांनी जाहीर केलं की ड्रायव्हर गेला आणि पॅसेंजर हॉस्पिटलमध्ये गंभीर आहे. काही दिवसांनी दुरुस्ती आली : ओळख पटवताना अदलाबदल झाली होती. गेलेला माणूस पॅसेंजर होता, आणि हॉस्पिटलमध्ये होता तो ड्रायव्हर. पुढे काही महिन्यांनी तोही गेला. ही चूक श्रेयाच्या राजकारणातून झाली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं हलकटपणा होईल. पण फळीवर चढणारा माणूस काय पणाला लावून चढतो हे कळायला याहून वेगळं काही नको. जो माणूस इतकं पणाला लावतो त्याला निदान त्याच्या कामाचं नाव तरी मिळावं, एवढीच मागणी आहे.

तुझं काय जातं रे पण?

हापिसातल्या मित्राला हे सगळं ऐकवलं तेव्हा त्याने हाच प्रश्न विचारला. 'तू साइडकार चालवतोस का? ट्रॅक तरी बघितलायस का प्रत्यक्ष? मग तुझं काय जातं?'

जातं ना. आपल्या धंद्यात रोज जातं. रिलीज झाल्यावर येणारा तो मेल आठवा : 'ग्रेट जॉब बाय अमुक अमुक अँड टीम!' हे 'अँड टीम' म्हणजे आपली साइडकारची फळी. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे एका मोठ्या रिलीजच्या रात्री डेटाबेस सांभाळणाऱ्या मुलीने पहाटे तीन वाजता मायग्रेशन थांबवलं, कारण तिला एक आकडा जुळताना दिसेना. ती थांबली नसती तर सकाळी ग्राहकांचे पैसे चुकीच्या खात्यात दिसले असते. सकाळच्या मेलमध्ये आर्किटेक्टचं नाव ठळक अक्षरांत, आणि ती 'अँड टीम'मध्ये. अप्रेझलला तिला सांगितलं गेलं की तुझ्या कामाची 'व्हिजिबिलिटी' कमी आहे. अरे, चाक जमिनीवर राहिलं हीच तिची व्हिजिबिलिटी! चाक उचललं गेलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं.

आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी फळीवर असतो. टेस्टर, सपोर्ट, रात्रीचा ऑन-कॉल. जो काम नीट करतो त्याचं काम दिसत नाही, कारण नीट झालेलं काम म्हणजे न घडलेला अपघात. आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. म्हणून मुद्दाम, ठरवून, नाव घ्यावं लागतं. आपोआप ते कधीच होणार नाही.

कुणी म्हणेल, अरे त्या पॅसेंजर लोकांनाच काही वाटत नाही, ते खूश आहेत, तू कशाला वकिली करतोस? असतीलही खूश. हौस म्हणून करणारी माणसं बहुधा खूशच असतात. पण माणूस तक्रार करत नाही म्हणून हिशोब बरोबर होत नाही. पगार कमी मिळूनही हसतमुख असणारा सहकारी प्रत्येक टीममध्ये एक असतो. त्याच्या हसण्याने मॅनेजरचा अपराध कमी होतो का?

मग काय करायचं?

फार काही नाही. कुणाचं विजेतेपद काढून घ्यायचं नाही, ड्रायव्हरचं कौतुक एका टक्क्यानेही कमी करायचं नाही. वेबस्टर थोर आहे आणि राहील.

एक, जिथे जिथे निकाल लिहिला जातो तिथे दोन्ही नावं, एकाच आकाराच्या अक्षरांत. कंस नको, 'सोबत' नको, मधे फक्त 'आणि'.

दोन, 'पॅसेंजर' हा शब्द एफआयएमने नियमपुस्तकातून काढावा. इंग्रजीत काय घ्यायचं ते त्यांनी बघावं, 'को-रायडर' म्हणा, ऑस्ट्रेलियनांचा 'स्विंगर' घ्या. मराठीत आपल्याला शोधत बसायची गरज नाही. गाण्याच्या मैफिलीत तबल्यावर बसणाऱ्याला आपण श्रोता म्हणत नाही, साथीला बसलाय म्हणतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे सूर धरणाऱ्याला झीलकरी म्हणतो, त्याच्या कामाचं नाव त्याला देतो. तसाच हा साथीदार. सरळ, स्वच्छ शब्द आहे, उद्यापासून वापरा.

तीन, आणि हे सर्वात सोपं. इथून पुढे कुठेही 'इतक्या वेळचा साइडकार विजेता' असं वाचलंत, ऐकलंत, तर समोरच्याला एक प्रश्न विचारायचा. हापिसातल्या 'अँड टीम'च्या मेललाही 'रिप्लाय ऑल' करून हाच विचारायचा. बोलणाऱ्याला उत्तर येत नसेल तर त्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे असं खुशाल समजा.

प्रश्न तीनच शब्दांचा आहे : बरोबर कोण होतं?